एलईडी दिव्याची प्लेट बदलताना थर्मल पेस्ट कशी निवडावी आणि कशी लावावी

जिन्यातला डाउनलाइट किंवा सोसायटीच्या फाटकावरचा फ्लडलाइट बंद पडला की अख्खे फिटिंग भंगारात टाकण्याऐवजी आतली जळालेली एलईडी तेवढी बदलून घेणे आता बऱ्याच जणांना जमू लागले आहे, कारण सुटी एलईडी प्लेट स्वस्तात मिळते आणि चार स्क्रू, दोन वायरी व थोडे सोल्डरिंग यापलीकडे त्यात अवघड असे काही दिसत नाही. अडचण नंतर येते. नवी एलईडी पहिल्या दिवशी लख्ख पेटते, काही महिन्यांत मंदावते, तिचा रंग बदलतो, आणि मग ‘हल्लीचा मालच असा’ म्हणून विषय संपवला जातो. पुष्कळदा माल ठीक असतो. एलईडीच्या पाठीमागची उष्णता हीटसिंकपर्यंत, म्हणजे ती हवेत सोडणाऱ्या फिटिंगच्या धातूच्या भागापर्यंत, पोहोचलेलीच नसते. ज्यांना स्क्रूड्रायव्हर आणि सोल्डरिंग आयर्न हाताळता येते, पण असे काम जे पहिल्यांदाच करणार आहेत, त्यांच्यासाठी हे टिपण लिहिले आहे.

ही उष्णता पुढे जावी म्हणून एलईडीची प्लेट आणि हीटसिंक यांच्यामध्ये थर्मल पेस्ट लावतात. तिच्या ट्यूबवर छापलेला उष्णता-वाहकतेचा मोठा आकडा पाहून महागडी ट्यूब घेण्याने या कामात फारसे काही साधत नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. पेस्टचा थर किती पातळ बसतो, ती किती वर्षे सुकत नाही आणि तिच्यातून वीज वाहते की नाही, हे तीन प्रश्न त्या आकड्याहून महत्त्वाचे आहेत. असे का, ते पुढे हिशेबाने दाखवले आहे.

पेस्टचे काम नेमके काय

जुन्या पिवळ्या बल्बची तार तापून लाल-पांढरी होत असे आणि तिची बरीचशी उष्णता प्रकाशाबरोबरच किरणांच्या रूपाने बाहेर पडत असे. एलईडीचे तसे नाही. तिच्या प्रकाशात उष्णता जवळजवळ नसते. घेतलेल्या विजेतला जो भाग प्रकाशात बदलत नाही, आणि तो साधारण निम्म्याहून जास्तच असतो, तो चिपच्या पाठीशी उष्णता होऊन साठतो. तिथून त्याने आधी एलईडीच्या ॲल्युमिनियम प्लेटमध्ये, मग फिटिंगच्या हीटसिंकमध्ये आणि शेवटी हवेत जायचे असते. या वाटेवर प्लेट आणि हीटसिंक यांचा सांधा हा सर्वांत कच्चा दुवा आहे. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी प्रत्यक्षात ते मोजक्या उंचवट्यांवरच एकमेकांना टेकतात आणि उरलेल्या जागेत हवा असते. उष्णतेची वाहकता ‘वॅट प्रति मीटर-केल्विन’ या एककात मोजली, तर ॲल्युमिनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूंचा आकडा १०० ते २०० च्या आसपास येतो आणि हवेचा ०.०२६. पेस्टने ही हवा बाहेर काढून तिची जागा घ्यायची असते, एवढेच तिचे काम. धातू धातूला जिथे टेकतो तिथे पेस्टची गरज नसते, आणि ती गरजेपेक्षा जाड झाली तर तीच अडथळा होते.

आधी जमवून ठेवायचे साहित्य

- तापमान मोजण्याची सोय असलेला मल्टिमीटर आणि त्याची थर्मोकपल वायर
- टेस्टर, स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंग आयर्न, सोल्डर वायर
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारे सुती कापड
- बारीक पॉलिश पेपर (४०० किंवा ६०० नंबर) आणि स्टीलची पट्टी
- जुने एटीएम कार्ड किंवा तसाच प्लॅस्टिकचा सरळ तुकडा
- जुन्या एलईडी प्लेटचा व ड्रायव्हरच्या (एलईडीला ठरावीक प्रवाह पुरवणाऱ्या भागाच्या) लेबलचा फोटो. दुकानात हाच सर्वांत जास्त उपयोगी पडतो
- निवडलेली पेस्ट, पॅड किंवा चिकट कंपाउंड

पायरी १ : वीज तोडा आणि ड्रायव्हरचा प्रकार ओळखा

भिंतीवरचे बटण बंद करून भागत नाही, एमसीबी खाली पाडा. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर लावलेले आढळते आणि मग दिवा बंद असूनही फिटिंगच्या टोकांवर २३० व्होल्ट उभे असतात. टेस्टर लावून खात्री करा आणि ड्रायव्हरमधला कपॅसिटर उतरण्यासाठी काही मिनिटे जाऊ द्या.

आता ड्रायव्हर पाहा. काही ड्रायव्हरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो आणि एलईडीकडे जाणारी वीज मेन्सपासून (घरात येणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेपासून) वेगळी केलेली असते. याला आयसोलेटेड म्हणतात. स्वस्त बल्ब आणि ज्यात ड्रायव्हरचे भाग एलईडीच्याच प्लेटवर बसवलेले असतात ते फ्लडलाइट (बाजारात त्यांना ‘डीओबी’ म्हणतात) बहुतेक नॉन-आयसोलेटेड असतात. अशा दिव्यात एलईडीच्या प्रत्येक सोल्डर-टोकाचा मेन्सशी थेट संबंध असतो, आणि ते टोक व धातूची बॉडी यांच्यामध्ये केवळ प्लेटवरचा पातळ इन्सुलेशनचा थर उभा असतो. पेस्टच्या निवडीशी याचा थेट संबंध आहे, म्हणून ही पायरी कंटाळा करून गाळू नये. ड्रायव्हरचा प्रकार कळत नसेल तर तो नॉन-आयसोलेटेडच आहे असे धरून चाला.

पायरी २ : जुन्या पेस्टचा ठसा पुसण्याआधी तो वाचा

प्लेट सोडवली की नवखा माणूस पहिले काम करतो ते कापड घेऊन सगळे पुसण्याचे. थोडे थांबा. प्लेट सरळ वर उचलून तिची पाठ आणि हीटसिंक दोन्ही उजेडात तिरके धरून पाहा, कारण आधीचा दिवा का गेला याची बरीचशी माहिती तिथेच असते.

पेस्ट जिथे इतकी पातळ आहे की खालचा धातू दिसतो, तिथे संपर्क चांगला होता. जिथे थर जाड आहे आणि प्लेट उचलताना ताणल्यामुळे त्यावर बारीक टोके उभी राहिली आहेत, तिथे फट होती. स्क्रूंच्या भोवती पातळ आणि मधोमध जाड असा ठसा दिसला तर प्लेट मध्ये फुगलेली आहे किंवा हीटसिंक मध्ये खोलगट आहे, आणि मधोमध एलईडी असतील तर त्या उपाशीच राहिल्या असे समजावे. कारखान्यात टाकलेला पेस्टचा ठिपका जसाच्या तसा, न दाबलेला दिसला तर तिथे प्लेट कधी टेकलीच नव्हती. पेस्ट पांढरी भुकटी होऊन नखाने उडत असेल तर तिच्यातले तेल निघून गेले आहे. भिंतीवर उभ्या बसवलेल्या फ्लडलाइटमध्ये खालच्या कडेला तेलकट ओघळ दिसतो, तो याच तेलाचा. कित्येक स्वस्त फिटिंगमध्ये पेस्टचा मागमूसही नसतो. तेव्हा ती सुकली की लावलीच नव्हती, या वादात पडू नये.

घरगुती बल्ब उघडला असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. बहुतेक बल्बमध्ये एलईडीची गोल प्लेट ॲल्युमिनियमच्या वाटीच्या काठावरच टेकलेली असते आणि मधल्या पोकळीत ड्रायव्हर असतो. उष्णता तिथे फक्त काठातून जाते. पेस्टही काठावरच लावायची. मधोमध लावलेली पेस्ट कशालाच टेकत नाही आणि तापून ड्रायव्हरवर ओघळू शकते.

ठशाचा फोटो काढून ठेवा. पायरी ४ मध्ये तो लागेल.

पायरी ३ : नवी एलईडी जुळवून घ्या

इथे फार वेळ घालवत नाही, पण तीन गोष्टी जुळल्याच पाहिजेत. ड्रायव्हरच्या लेबलवर मिलिॲम्पिअरमध्ये दिलेला प्रवाह नव्या एलईडीला झेपला पाहिजे. लेबलवर व्होल्टेजची मर्यादा दिलेली असते, नव्या एलईडीचे व्होल्टेज त्या मर्यादेत बसले पाहिजे. आणि प्लेटच्या स्क्रूंची भोके जुन्या जागी आली पाहिजेत. नवी भोके पाडताना उडणारा कीस आणि भोकांच्या उचललेल्या कडा पुढे संपर्क बिघडवतात. रंगही जुळवा, नाहीतर एका ओळीतल्या पाच दिव्यांत एकच ६५०० केल्विनचा पांढराफटक आणि बाकीचे ३००० केल्विनचे पिवळसर, असे विचित्र दृश्य दिसते. वॅटचा आकडा जास्त असलेली एलईडी ‘जास्त उजेडासाठी’ बसवली तरी प्रवाह ड्रायव्हरच ठरवतो. हीटसिंकही जुनाच असतो.

पायरी ४ : पेस्टची निवड

आधी हिशेब. सांध्यातून उष्णता जाताना दोन बाजूंच्या तापमानात पडणारा फरक काढायचा असेल तर उष्णतेचे वॅट गुणिले थराची जाडी, भागिले वाहकता गुणिले क्षेत्रफळ, एवढे सूत्र पुरते. वीस वॅटची एक सीओबी एलईडी घेऊ, म्हणजे पिवळ्या गोल टिकलीची, एकाच तुकड्यात पुष्कळ चिप असलेली. तिची पाठ २ सेंटिमीटर बाय २ सेंटिमीटर आणि त्यातून जाणारी उष्णता १२ वॅट धरू.

साधी पांढरी पेस्ट, वाहकता १, थर ०.०५ मिलिमीटर : फरक दीड अंश सेल्सिअस.
महाग संगणकी पेस्ट, वाहकता ८, थर तेवढाच : फरक ०.२ अंश.
तीच साधी पेस्ट, पण थर अर्धा मिलिमीटर : फरक १५ अंश.
पेस्ट नाही आणि ०.१ मिलिमीटरची हवेची फट : फरक शंभर अंशांच्याही वर.

शेवटची ओळ सर्व पाठीवर सलग फट धरून काढली आहे. प्रत्यक्षात काही ठिकाणी धातू टेकतो, म्हणून आकडा इतका टोकाला जात नाही. पण चित्र बदलत नाही. साध्या आणि महाग पेस्टमध्ये सव्वा अंशाचा फरक पडतो, आणि तीच पेस्ट जाड लावली तर साडेतेरा अंशांचा. डाउनलाइटमधल्या आठ सेंटिमीटर व्यासाच्या गोल प्लेटवर उष्णता याहून कमी आणि क्षेत्रफळ बारा पटींनी जास्त असते, त्यामुळे तिथे साध्या आणि महाग पेस्टमधला फरक मोजताही येणार नाही इतका लहान होतो. संगणकाच्या प्रोसेसरसाठी जे तर्क लढवले जातात ते इथे आणू नयेत, कारण तिथे कितीतरी जास्त वॅट एका लहानशा चिपमधून काढायचे असतात. शिवाय वाहकता मोजण्याची एएसटीएम डी५४७० ही मान्य पद्धत असली तरी प्रत्येक ट्यूबवरचा आकडा त्याच पद्धतीने काढलेला असतो असे नाही, तेव्हा ‘१५’ किंवा ‘१६’ असे आकडे पाहून हुरळून जाऊ नये.

आता बाजारात काय काय मिळते ते पाहू. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ‘हीटसिंक कंपाउंड’ मागितले की बहुधा पहिल्यांदा पांढरी पेस्टच पुढे येते.

*पांढरी पेस्ट.* सिलिकॉन तेलात झिंक ऑक्साइडची भुकटी. वाहकता साधारण ०.७ ते १.५. वीज वाहत नाही, स्वस्त असते, आणि सपाट मोठ्या प्लेटसाठी ती पूर्ण पुरेशी आहे. तिचा दोष म्हणजे हलक्या दर्जाच्या मालात तेल लवकर सुटते. डबीत वर तेल तरंगत असेल तर ती घेऊ नये.

*करडी किंवा सिरॅमिक पेस्ट.* ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा तत्सम भुकटी असलेली, वाहकता २ ते ८ सांगितली जाते. लहान सीओबीसाठी मी हीच वापरतो. त्या सव्वा अंशासाठी नव्हे, तर चांगल्या कंपनीची अशी पेस्ट जास्त काळ मऊ राहते म्हणून. दिवा रोज संध्याकाळी तापतो आणि पहाटे निवतो, प्लेट प्रत्येक वेळी किंचित फुगते आणि आक्रसते, आणि फार पातळ पेस्ट या हालचालीने हळूहळू कडेला ढकलली जाते. म्हणून दिव्यासाठी थोडी घट्ट, लोण्यासारखी पेस्ट बरी. घेण्याआधी लेबलवर ‘वीज वाहत नाही’ असे स्पष्ट लिहिले आहे का ते वाचा. चांदीची भुकटी असलेल्या पेस्ट नॉन-आयसोलेटेड दिव्यात वापरूच नका. बाहेर आलेला तिचा एक ठिपका सोल्डर-टोक आणि बॉडी यांना जोडू शकतो.

*लिक्विड मेटल.* हिचे नावही काढू नये. हिच्यात गॅलियम असते, ते ॲल्युमिनियममध्ये शिरून त्याला ठिसूळ करते, आणि दिव्याचा हीटसिंक जवळजवळ नेहमी ॲल्युमिनियमचाच असतो. वर ती वीजही वाहून नेते.

*थर्मल पॅड.* मऊ, रबरासारखा कापता येणारा तुकडा. पायरी २ मधल्या ठशात मोठी फट दिसली असेल, हीटसिंक ओतीव आणि खडबडीत असेल आणि घासून सपाट होण्यासारखा नसेल, तर पॅड घ्यावा. अर्धा मिलिमीटर जाडीचा, ३ वाहकतेचा पॅड वरच्या सीओबीखाली ठेवला तर पाच अंशांचा फरक पडेल, म्हणजे पातळ पेस्टपेक्षा जास्त पण जाड थरापेक्षा पुष्कळ कमी. मोठ्या प्लेटवर हा फरक अर्ध्या अंशाच्याही आत येतो. पॅड सुकत नाही, ओघळत नाही आणि पुढच्या वेळी प्लेट काढणे सोपे जाते. मात्र एक पॅड पुरत नाही म्हणून दोन एकावर एक ठेवू नयेत, आणि ग्रॅफाइटचा काळा पॅड वीज वाहून नेतो हे विसरू नये.

*चिकट थर्मल कंपाउंड.* प्लेटला स्क्रूची भोकेच नसतील तर हे लागते. सिलिकॉनचे कंपाउंड जोर लावून पुढे सोडवता येते. दोन भाग मिसळून तयार होणारे इपॉक्सी कायमचे बसते, आणि प्लेट पुन्हा बदलायची वेळ आली की हीटसिंकही हातातून जातो. चिकट कंपाउंड स्क्रूच्या जोडीला, ‘डबल मजबुतीसाठी’ लावू नये.

*दोन्ही बाजूंनी चिकटणारी थर्मल टेप.* ॲल्युमिनियम प्रोफाइलमध्ये बसवायच्या एलईडी पट्टीसाठी ठीक. वीस वॅटच्या सीओबीखाली ही लावलेली पाहिली आहे, लावू नये.

आता घरातल्या वस्तूंविषयी. टूथपेस्ट लावून ‘चालते’ असे सांगणारे भेटतात, आणि पहिल्या तासात ती खरोखरच चालते, कारण तिच्यात पाणी असते. दिव्याच्या उष्णतेने ते उडून जाते आणि मागे कडक, भेगाळलेला थर राहतो. शिवाय ती ओली असताना वीजही वाहते. बाथरूम सील करण्याचे जे सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटते आणि ते तांब्याला व एलईडीच्या आतल्या चांदीच्या मुलाम्याला काळे पाडते. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफा एलईडीच्या पारदर्शक आवरणावर पांढरी झाक आणतात. बंद फिटिंगमध्ये या वाफांना बाहेर जायला वाट नसते, म्हणून तिथे नुकसान जास्त होते. एलईडी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आपल्या एलईडीजवळ कोणती रसायने वापरू नयेत याच्या याद्या देतात, त्यात हे दोन्ही प्रकार सापडतात.

थोडक्यात निर्णय असा करा : सपाट मोठी प्लेट आणि स्क्रू, तर पांढरी पेस्ट; लहान सीओबी आणि स्क्रू किंवा होल्डर, तर वीज न वाहणारी करडी पेस्ट; फट दिसते, तर पॅड; स्क्रूच नाहीत, तर चिकट कंपाउंड.

पायरी ५ : पृष्ठभाग तयार करा

जुनी पेस्ट आधी प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडा आणि मग अल्कोहोलने पुसा. कापडावर करडा डाग येईनासा होईपर्यंत पुसावे लागते. दिवा चालू करण्याआधी अल्कोहोल पूर्ण उडाले पाहिजे, आणि हे काम करताना जवळ गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नसावी.

स्टीलची पट्टी उभी धरून हीटसिंकवर आडवी, उभी आणि तिरकी ठेवा आणि पलीकडून बॅटरीचा उजेड पाडा. पट्टीखालून एकसारखी बारीक रेघ दिसली तर ठीक. मधोमध उजेडाची पट्टी रुंद झाली तर हीटसिंक खोलगट आहे. काचेच्या सपाट तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून त्यावर हीटसिंक घासला तर थोडा खोलगटपणा जातो. बोटाने पॉलिश पेपर दाबून घासू नका, त्याने खड्डा वाढतो. पावडर कोटिंग किंवा रंगाचा थर सांध्याच्या जागेवर आला असेल तर तो काढा; रंग उष्णतेला पेस्टपेक्षा जास्त अडवतो. नव्या प्लेटच्या पाठीवर कधी कधी संरक्षक फिल्म असते. ती न काढता प्लेट बसवली जाते, हा प्रकार वाटतो त्याहून जास्त वेळा घडतो.

पायरी ६ : सोल्डर आधी, पेस्ट नंतर

हा क्रम उलटा झाला की नवखे लोक हमखास अडकतात. प्लेट हीटसिंकवर चांगली बसली की सोल्डरिंग आयर्नची उष्णताही तो हीटसिंक ओढून घेतो, सोल्डर वितळत नाही, माणूस आयर्न दाबून धरून बसतो आणि तांब्याची पट्टी उचकटते. म्हणून वायरी प्लेट सुटी असतानाच, लाकडी पाटावर ठेवून जोडा. अधिक-उणे चिन्हे पाहा. सोल्डर करून झाल्यावर प्लेटची पाठ पुन्हा पुसा, कारण फ्लक्सचा एखादा थेंब मागे गेलेला असू शकतो.

पायरी ७ : पेस्ट लावा आणि प्लेट घट्ट करा

वरच्या सीओबीला लागणारी पेस्ट ज्वारीच्या दाण्याएवढी. मधोमध ठेवा, एलईडी सरळ वरून बसवा आणि किंचित डावी-उजवीकडे फिरवत दाबा, म्हणजे हवा कडेने निघून जाते. बोट पिवळ्या टिकलीवर ठेवू नका. तिच्याखाली अतिशय बारीक तारा असतात आणि त्या दाबाने तुटतात. कडेच्या पांढऱ्या किंवा धातूच्या भागावरच दाब द्या.

आठ सेंटिमीटरच्या गोल प्लेटला सुमारे अर्धा मिलिलिटर पेस्ट पुरते. ती एटीएम कार्डाने एकाच दिशेने ओढून पसरवा. थर इतका पातळ हवा की खालचा धातू धूसर दिसत राहील. पसरवून झाल्यावर प्लेट एकदा ठेवून, दाबून, पुन्हा उचलून पाहा. दोन्ही बाजूंवर ठसा सगळीकडे उमटला असेल तर पुरेशी आहे. कोरडे डाग दिसले तर तिथे थोडी भर घाला आणि मग उचलाउचल बंद करा, कारण प्रत्येक उचलण्याबरोबर थरात हवा शिरते.

स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर प्लेट तिरकी बसते आणि सिरॅमिकची सीओबी असेल तर तडकते. स्क्रूचे डोके तांब्याच्या पट्टीला किंवा सोल्डर-टोकाला टेकत असेल तर खाली फायबरचा किंवा नायलॉनचा वॉशर घाला. नॉन-आयसोलेटेड दिव्यात हा वॉशर विसरणे म्हणजे बॉडीत करंट उतरवणे. कडेने बाहेर आलेली पेस्ट पुसून घ्या आणि लेन्सवर किंवा रिफ्लेक्टरवर पेस्टचे बोट लागू देऊ नका, सिलिकॉनचा डाग सहज निघत नाही.

पायरी ८ : चालू करण्याआधी आणि चालू केल्यावर

ड्रायव्हर जोडण्याआधी मल्टिमीटर बझरवर ठेवून एलईडीचे प्रत्येक टोक आणि हीटसिंक यांच्यामध्ये तपासा. आवाज आला तर थांबा आणि पुन्हा उघडा. ओळखीच्या वायरमनकडे मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारे मीटर) असेल तर ५०० व्होल्टवर तीच तपासणी करून घेणे अधिक चांगले, कारण बझरला न सापडणारे कच्चे इन्सुलेशन मेगरला सापडते. त्या वेळी ड्रायव्हर सुटा ठेवावा आणि एलईडीची दोन्ही टोके एकत्र जोडून घ्यावीत. धातूच्या बॉडीला अर्थिंगची वायर जोडलेली असलीच पाहिजे.

फ्लडलाइट उघड्यावर बसणार असेल तर रबरी गॅस्केट नीट बसले आहे का ते पाहा. कोकणात आणि गोव्यात खारी हवा आत शिरली की ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी भुकटी धरते आणि पेस्ट कितीही चांगली असली तरी सांधा खराब होतो. सील करायला वास न येणारे, न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घ्या.

आता थर्मोकपलचे टोक एलईडीच्या प्लेटवर, चिपच्या अगदी जवळ पण सोल्डर-टोकांपासून दूर, टेपने चिकटवा. नॉन-आयसोलेटेड दिव्यात हे काम वीज बंद असताना करा, आणि दिवा चालू असेपर्यंत वायरीला व फिटिंगला हात लावू नका. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर खऱ्या तापमानापेक्षा कमी आकडा दाखवतो. तोच वापरायचा असेल तर त्या जागी काळी इन्सुलेशन टेप लावून टेपवर नेम धरा. दिवा फॉल्स सीलिंगमध्ये किंवा त्याच्या नेहमीच्या जागी बसवूनच मोजा, कारण टेबलावर उघडा ठेवलेला दिवा जास्त थंड राहतो. आकडा स्थिर व्हायला साधारण तासभर लागतो.

एलईडीच्या डेटाशीटमध्ये प्लेटच्या तापमानाची कमाल मर्यादा दिलेली असते. डेटाशीट नसेल तर ८५ अंश ही वरची सीमा समजा आणि ७० च्या आत राहण्याचा प्रयत्न करा. मोजलेल्या आकड्यातून खोलीचे तापमान वजा करून ठेवा, कारण वाढ तेवढीच राहते आणि खोली बदलते. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत प्लेट ६५ दाखवत असेल तर वाढ ४० ची आहे, आणि नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेत तोच दिवा ८५ वर जाईल.

पहिल्यांदा तापून पूर्ण निवल्यावर, वीज तोडून, स्क्रू एकदा पुन्हा तपासा. पेस्ट उष्णतेने पसरते, थर आणखी पातळ होतो आणि स्क्रू पाव वळसा सैल झालेला आढळतो.

आकडा जास्त आला तर थर्मोकपल आता हीटसिंकवर, प्लेटच्या कडेला लागून लावा आणि पुन्हा मोजा. प्लेट आणि हीटसिंक यांच्यात दहा अंशांहून जास्त फरक असेल तर सांध्यात दोष आहे. पायरी ५ पासून पुन्हा करा. फरक दोन-चार अंशांचाच असून दोन्ही तापलेले असतील तर पेस्टने आपले काम केले आहे, हीटसिंकच कमी पडतो आहे, आणि अशा वेळी दुसरी पेस्ट आणून काही उपयोग नाही. फिटिंगभोवती हवा खेळायला जागा करा, किंवा कमी प्रवाहाचा ड्रायव्हर लावा : ३०० मिलिॲम्पिअरच्या जागी २४० चा घेतला तर उष्णता पाचव्या भागाहून थोडी जास्तच कमी होते आणि उजेडातली घट जिन्यात कोणाच्या लक्षातही येत नाही.